दुपट्ट्याखालचा भाव

मदनकर काकाजींचा तो व्हिडिओ मी काढला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तिच्यासमोर तर मी, "लोकं कुठल्या थराला जातात बघ," असं म्हणालो होतो आणि वर मानही हलवली होती.

व्हिडिओत काय होतं हे सांगायचं तर आधी काकाजी सांगावे लागतील.

काकाजींची एक खोड होती. व्यवहाराची गोष्ट निघाली की ते खांद्यावरचा दुपट्टा काढायचे, समोरच्याच्या हातावर टाकायचे, त्याखाली त्याची बोटं धरून दाबायचे आणि भुवया उंचावून विचारायचे, "बोला, पटते का?" समोर कोण आहे याचा विधिनिषेध नाही. आमच्या नंदनवनातल्या गल्लीत येणारी भाजीवाली ओरडायची, "काकाजी, हात सोडा ना, मले मेथी बांधाची हाये!" रामदासपेठेतल्या एका हाडांच्या डॉक्टरांशी त्यांनी फीबद्दल असाच व्यवहार सुरू केला. डॉक्टरांना वाटलं, पेशंटची बोटं दुखून राहिली. त्यांनी एक्स-रे लिहून दिला. काकाजींनी तो काढला आणि हॉलमध्ये खिडकीला चिकटवला. म्हणाले, "उभ्या जन्माची कमाई आहे या बोटायची. फोटो तं पाहिजेच."

काकाजी म्हणजे पुंडलिकराव मदनकर, आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे. सारं आयुष्य लकडगंजकडच्या ठोक बाजारात तुरीची दलाली केली. त्या बाजारात जुनी रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. घेणारा आणि विकणारा कापडाखाली हात धरतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळी मूठ धरली तर पाच, मूठ धरून वर दोन बोटं दाबली तर सात. शेकडे की हजार, ते ज्याचं त्याला ठाऊक. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. तोंडाने मात्र दोघेही भलतंच बोलत असतात. "परवडत नाही," "पोरंबाळं उपाशी मरतील," वगैरे.

त्यामुळे काकाजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. "तोंडाचा भाव अलग, दुपट्ट्याचा भाव अलग." ते निवडणुकीला लागू, लग्नाच्या बैठकीला लागू. एकदा माझी बायको त्यांना जिन्यात म्हणाली, "या ना कधी जेवायला." काकाजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे तोंडाचं होतं का दुपट्ट्याचं?" मी गप्प राहिलो. ते जेवायला आले नाहीत.

मी गप्पच राहतो. हा माझा स्वभाव. एका सहकारी बँकेच्या रोखे विभागात मी नोकरी करतो. सरकार कर्ज काढतं आणि बदल्यात कागद देतं, तो रोखा. त्यावरचं व्याज छापलेलं असतं, ते बदलत नाही. पण रोखा बाजारात हातोहात विकला जातो. त्याचा भाव चढला की नव्याने घेणाऱ्याच्या पदरी व्याज कमी पडतं, भाव उतरला की जास्त पडतं. हे चढउतार बघत दिवसभर पडद्यासमोर बसणं, हे माझं काम. या कामात बोलावं लागत नाही.

काकाजींना माझी नोकरी कळली त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती. कारण काकाजींना मुंबईच्या मोठ्या बँकेचं वेड होतं. मोठी बँक म्हणजे सगळ्या बँकांची जी वरची बँक, देशाचा व्याजदर ठरवणारी, ती. काकाजींचा संसार ठेवींच्या व्याजावर चालायचा, म्हणून सुरुवातीला नुसती चौकशी होती. पण मग त्यांनी तिच्या साहेबांना टीव्हीवर दर जाहीर करताना पाहिलं आणि ते खुळावलेच. "अरे, हा तं भाव बोलून राहिला! आन तोही तोंडानं!"

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी, मोठी बँक दर सांगते त्या सकाळी, काकाजींच्या हॉलमध्ये बैठक बसायची. काकाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचे. मी ऑफिसला उशिरा जाण्याची परवानगी काढायचो, कारण ऑफिसातल्या साहेबांनाही वाटायचं, घरून भाव बघतो बिचारा. तिसरे सभासद तिसऱ्या मजल्यावरचे ठवकर.

ठवकर वीज खात्यातून निवृत्त झालेले. काकाजींचे लहानपणापासूनचे मित्र, एकाच शाळेत मार खाल्लेले. मुलाच्या फ्लॅटसाठी त्यांच्या नावावर कर्ज होतं. म्हणजे ठवकरांना व्याज उतरायला हवं, काकाजींना चढायला. ज्याच्या मनासारखं होईल त्याला दुसऱ्याने तर्री पोहे खाऊ घालायचे, असा करार होता.

"मोठी ब्यांक म्हणजे मेन स्विच आहे बे," ठवकर म्हणायचे. "तिनं खटका दाबला का साऱ्या गावचं व्याज बंद."

"तू आयुष्यभर खटकेच दाबले," काकाजी म्हणायचे. "नागपुरात मे महिन्यात कूलरचा खटका तुह्या हाती राहाते. ऊन कोनाच्या हाती राहाते गा?"

मग दोघेही माझ्याकडे बघायचे. मी सांगायचो की दोघांचंही बरोबर आहे. मोठी बँक ठरवते तो दर बँकांच्या एका रात्रीच्या उसनवारीचा. तिथे तिचा शब्द चालतो. पण दहा वर्षांनी फिटणाऱ्या रोख्यावर किती व्याज मिळावं, ते तिच्या हुकमाने ठरत नाही. ती स्वतः रोखे घेऊन किंवा विकून जोर लावते, कधी नुसतं बोलून जोर लावते. तरी महागाईची भीती, सरकारची उधारी, परदेशातले दर हे सगळे आपापल्या दाराने आत येतातच. कधी ती दर कमी करते आणि रोख्यावरचं व्याज उलट चढतं. कधी ती काहीच करत नाही, आणि तिच्या गप्प राहण्यावर बाजार हलतो.

"म्हणजे न बोलण्याचाबी भाव असते!" काकाजी म्हणाले होते. आणि ठवकरांना म्हणाले होते, "ऐकून घे बे. कमी बोलते, पण तोलून बोलते हा मानूस."

या हॉलमध्ये चौथं माणूसही असायचं. काकू.

काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंड एका बाजूला ओढलेलं, कोपऱ्यातून लाळ यायची. झटक्याआधी या बाई केस विंचरल्याशिवाय दार उघडत नसत; दूधवाल्याला दारात थांबवून आधी टिकली लावत. आता काकाजीच त्यांची वेणी घालायचे, वाकडी. बैठकीच्या दिवशी त्यांना खुर्चीत आपल्या शेजारी बसवायचे आणि दोघांच्या मांडीवरून दुपट्टा पसरायचे. आम्हाला वाटायचं, पंख्याचं वारं लागू नये म्हणून. खरं तर आम्ही काकूंकडे फारसं बघायचोच नाही. बघितलं की काय बोलावं कळत नसे.

त्या दिवशी साहेब पडद्यावर आले, कागद सरळ केले. काकाजी पुढे सरसावले.

"चष्मा वर केला! पाव टक्का गेला ठवकर, पाव टक्का!"

चष्मा वर करण्याचा आणि व्याजदराचा संबंध मी कुठे वाचला नव्हता. याआधी चष्म्यावरून काकाजींनी बांधलेले अंदाज साफ चुकलेलेही होते. पण त्या दिवशी पाव टक्का खरंच कमी झाला. ठवकर उठून साहेबांसारखा चष्मा वर करत नाचायला लागले. "आन पोहे! तर्री अलग बांधून आन बे!"

"थांब बे," काकाजी म्हणाले. "आता तोंडानं बोलला. दुपट्ट्याचं पाहू दे."

आणि ते डोळे बारीक करून साहेबांकडे बघत राहिले. ओठ हलत होते. दुपट्ट्याखाली त्यांचा हात जोरात चालला होता. मूठ, बोटं, परत मूठ. टीव्हीतल्या साहेबांशी सौदा चाललाय असंच वाटावं. मला हसू आलं. मी मोबाईलवर भाव बघतोय असं दाखवत तो आडवा धरला आणि टिपून घेतलं.

साहेब पुढे असं काहीसं बोलले, की यानंतर आणखी कपातीला फारशी जागा राहणार नाही. बाजाराने नेमकं तेवढंच ऐकलं. तासाभरात रोख्यांचे भाव उतरले, व्याज चढलं. मी सांगितलं तसे काकाजी खुर्चीतून अर्धे उठले.

"पाह्य! कमी केलं तं चढलं! कोनाच्या हाती आहे ऊन?"

"म्हणजे माझा हप्ता?" ठवकर घाबरले.

"तुमचा हप्ता उतरेल," मी म्हणालो. "तो मोठ्या बँकेच्या दराला बांधलेला आहे."

"आन माही ठेव?" काकाजींनी विचारलं.

"तिचंही व्याज उतरेल. हळूहळू."

काकाजी खाली बसले. म्हणाले, "म्हणजे जिकलो मी, आन बुडालोबी मीच." पोहे कोणी आणायचे यावर बराच तंटा झाला. शेवटी दोघेही गेले आणि दोघांनीही आणले. मी दोन प्लेट खाल्ल्या.

दुपारी ऑफिसात मी तो व्हिडिओ आमच्या विभागाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "नंदनवनचे गव्हर्नर भाव फोडताना." इतकी वर्षं त्या ऑफिसात माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं, कारण मी बोलतच नसे. त्या दिवशी लोक खुर्च्या ओढून माझ्या टेबलाशी आले. एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात." मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आणखी एक लिहायचं राहिलं, ते लिहितो. व्हिडिओत काकू दिसत होत्या. ओढलेलं तोंड, हनुवटीवरची लाळ, सगळं. टाकण्याआधी मी तो दोनदा पाहिला होता. त्यांच्याकडचा भाग कापून टाकणं मला जमत होतं. मी कापला नाही. कारण दोघं मिळून जास्त हसू येत होतं.

दोन दिवसांनी तो आमच्या इमारतीत परत आला. ठवकरांना त्यांच्या कुठल्याशा भाच्याने पाठवला, आणि ठवकर हरखून तळमजल्यावर पळाले. "पुंडलिक! तू तं फेमस झाला बे! पाह्य!"

मी त्याच वेळी जिना उतरत होतो. काकाजी पायरीवर बसून बघत होते. आधी हसले. "नाक बरं दिसून राहिलं माहं." मग पुढे बघितलं, आणि हसू गेलं. त्यांनी आपल्या बोटाने पडद्यावरचा एक कोपरा झाकला. व्हिडिओ चालूच होता. ते बोट त्यांनी काढलं नाही.

"हिले काहून दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"म्या नाही काढला," ठवकर म्हणाले.

"तुह्याच मोबाईलात आहे."

"मले भाच्यानं पाठवला गा!"

"हॉलमधी तू होता. भाचा नव्हता." मग काकाजींनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा. तुम्ही होते ना तेथी?"

मी म्हणालो, "मी रोख्यांचे भाव बघत होतो, काकाजी."

काकाजींनी मान हलवली. "हे तं बिचारे बोलतबी नाही," ते ठवकरांना म्हणाले. "आन तू तं पोरानं मोबाईल दिला तवापासून पोह्याच्या प्लेटचाबी फोटो काढते. जा बे. येऊ नको आता."

ठवकर बराच वेळ तिथे उभे होते. मी ऑफिसला गेलो. त्या दिवशी रोख्यांचे भाव जागचे हलले नाहीत, हे मला आठवतं. कारण मी दिवसभर त्यांच्याकडे बघत बसलो होतो.

मग बैठक बंद पडली. मोठ्या बँकेने त्यानंतर कधी दर ठेवला, कधी हलवला. काकाजींचा टीव्ही बंद. ठवकर गच्चीवर फेऱ्या मारायचे. मला जिन्यात गाठून म्हणायचे, "तुम्ही त्याले सांगा ना. तुमचं ऐकते तो." मी म्हणायचो, "बघतो." बघतो हा माझा आवडता शब्द आहे. त्यात काही बोलल्यासारखं होतं आणि काहीच बोललेलं नसतं.

मागच्या आठवड्यात काकाजींनी मला घरात बोलावलं. ठेवीची मुदत संपली होती. परत ठेवायची ती एका वर्षासाठी की पाच वर्षांसाठी, हा प्रश्न. मी तोलून बोललो. मोठी बँक पुढे दर उतरवेल असं वाटत असेल तर लांब मुदतीला बांधून टाकावं, पण ते कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, वगैरे. काकाजींनी शांतपणे ऐकलं. मग काकूंच्या आणि आपल्या मांडीवर दुपट्टा पसरला आणि हात आत घातला.

"हिले विचारतो," ते म्हणाले.

मला कळलं नाही. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"तुम्हाले काय वाटलं, मी टीव्हीतल्या साहेबाचा हात दाबून राहिलो होतो?" काकाजी हसले. "येवढा पागल नाही झालो अजून. लगन झालं तवा घरात सत्रा मानसं. सासूसमोर नवऱ्याशी बोलाची चोरी. मी जेवाले बसलो का हे वाढाले येये. पदराखालून बोटं दाबून विचारे, पोया किती? म्याच शिकवलं होतं तिले. झटका आल्यावर मी दवाखान्यात हात धरून बसलो होतो. हिनं डाव्या हातानं माहं एक बोट दाबलं. पयले समजलं नाही. मग पाणी पाजलं, तं झोपली."

तेव्हापासून त्यांचं सगळं आकड्यांतच चालतं. एक म्हणजे पाणी. दोन म्हणजे चहा. तीन म्हणजे पाठ खाजव. चार म्हणजे देवाजवळ दिवा लाव. नऊ म्हणजे वेणी सोड, दुखते. साहेब दर सांगायचे तो काकाजी त्यांच्या हातात सांगायचे, आणि काकू आपलं मत द्यायच्या. ठेवींचं घरात पहिल्यापासून काकूच बघायच्या. दुपट्टा वाऱ्यासाठी नव्हता. काकूंना लोकांसमोर नवऱ्याचा हात धरायची लाज वाटायची, अजूनही.

"त्या फिल्लममधी हे काय म्हणून राहिली होती, माहीत आहे?" काकाजींनी विचारलं. "दोन, दोन. घडीघडी दोन, दोन. पाहुने बसले हाये, त्याहिले चहा सांग. मले त्या साहेबाच्या नादात सुधच नव्हती, म्हणून जोरानं दाबून राहिली होती."

पाहुणे म्हणजे ठवकर आणि मी.

काकाजी थांबले. दुपट्ट्याखाली काहीतरी हललं. त्यांनी काकूंकडे बघून मान नकारार्थी हलवली. परत हललं. यावेळी मला दुपट्ट्यावरूनही दिसलं: मूठ, आणि वर दोन बोटं.

"सात," मी म्हणालो.

"तुम्हाले यायले लागलं की!" काकाजी क्षणभर खूश झाले. मग आवाज उतरला. "सात म्हणजे ठवकर. त्याले बोलाव म्हणते. तो नकला करे ना साहेबाच्या, चष्मा वर करून. त्याच्यानं हिले हसू येये. तोंडावर दिसे नाही, पण बोटं हसे. रोज सात दाबते. मी सांगतो, अवं, भाव बंद आहे. तरी दाबते."

काकू माझ्याकडे बघत होत्या. वेणी वाकडी होती. काकाजींनी रुमालाने त्यांची हनुवटी पुसली, सहज, आपली स्वतःची पुसावी तशी.

"लहानपणचा मित्र गा," काकाजी म्हणाले, बहुतेक मला नव्हे. "असं काहून केलं असन त्यानं? एक बार येऊन कबूल झाला असता, तं मी काय त्याले खाऊन टाकलं असतं? एक बोल पाहिजे होता फक्त."

बोल माझ्या तोंडात होता. तो तिथेच राहिला. मग काकूंचा हात परत हलला, आणि काकाजी म्हणाले, "बसा, दोन म्हणते. चहा ठेवतो." मी तो चहा प्यालो. जास्त साखरेचा होता. ठेव पाच वर्षांसाठी बांधायचं ठरलं; काकूंनी मूठ दाबली.

वर जाताना तिसऱ्या मजल्यावर ठवकरांचं दार उघडं होतं. ते पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणते पुंडलिक?" मी म्हणालो, "बरे आहेत."

लिहिणं मला जमतं, बोलणं जमत नाही, म्हणून आधी इथे, पेपरात लिहिलं. पण तळमजल्यावर पेपर येत नाही, आणि काकाजींनी मला जिन्यात समोरासमोर विचारलं होतं. त्याचं उत्तरही समोर बसूनच द्यावं लागेल. व्हिडिओ मी काढला, ठवकरांनी नाही. हे एक वाक्य मी मदनकर काकाजींना, काकूंना आणि ठवकरांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.